घाट आणि झिलई

हल्ली सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांतून संगमरवराच्या, अकीकाच्या किंवा तशाच एखाद्या रंगीत दगडाच्या फुलदाण्या मांडलेल्या दिसतात. त्यांच्या झिलईत पाहणाऱ्याचे तोंडही दिसते, आणि पुष्कळांच्या मते हीच त्यांच्या सौंदर्याची परीक्षा होय. हे मत आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आम्ही वाचकांस जुन्नरकडे नेऊ इच्छितो.

कोकणातून वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून आले म्हणजे माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण दृष्टीस पडतो. यात जकातीची नाणी टाकीत, अशी आख्यायिका आहे. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांचे व दक्षिणेचे सविस्तर वर्णन आहे, परंतु या रांजणाविषयी अक्षरही नाही. म्हणून आख्यायिकेस आम्ही इतिहास म्हणत नाही. तथापि लोकांस ती सुचली, हेच घडविणाऱ्याच्या कौशल्याचे प्रमाण होय. त्याचे फुगीर पोट पाहताच यात काहीतरी साठत असले पाहिजे, असे मनात येते. त्यास झिलई नाही. घाट मात्र आहे.

यावर कोणी म्हणेल, की रांजण हे उपयोगाचे भांडे. शोभेच्या वस्तूस त्याचा दंडक कशास लावता? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर लेण्याद्रीवर मिळते. गणपतीच्या देवळाला लागूनच 6 क्रमांकाचे चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते दान दिल्याचे तेथील लेखावरून कळते. त्यातील खांब पायऱ्यांच्या बैठकीवर ठेवलेल्या घटांतून वर निघतात, आणि माथ्याशी तोच घट उपडा होऊन त्यावर प्राणी विसावतात. या घटांत पाण्याचा थेंबही मावत नाही. ते केवळ शोभेचे आहेत. मग ते पोकळ का वाटत नाहीत? लाकडी बांधकामात वाळवी लागू नये म्हणून खांब घटात रोवीत, त्याची ही आठवण असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असो वा नसो, भरलेला कलश मांगल्याचा, हा भाव तर आपल्या घरोघर आजही जिवंत आहे. उपयोग गेला तरी अर्थ उरला, आणि त्या अर्थाने आकारास वजन दिले.

झिलईचा आम्हांस द्वेष नाही. बिहारातील बराबरच्या लेण्यांच्या भिंती मौर्यकाळी आरशासारख्या घोटल्या गेल्या. त्या पाहून कोण थक्क होणार नाही? अकीकाचे पट्टे घोटल्यावाचून खुलत नाहीत, हेही कबूल केलेच पाहिजे. परंतु ते पट्टे निसर्गाचे. कारागिराने आपल्या पदरचे काय घातले, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ फुलदाण्यांची मान उगीच लांब, बैठक उगीच बारीक, आणि फूल ठेवू गेल्यास कलंडण्याचे भय! उपयोग नाही आणि अर्थही नाही, तेथे चकाकी ही केवळ पांघरूण ठरते.

ही आवडीनिवडीची क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपल्याकडे जात्यांस टाकी लावणारे आणि पाटे-वरवंटे घडविणारे पाथरवट पिढ्यानपिढ्या काळ्या दगडाशी झगडत आले. त्यांचे ज्ञान हातात आणि नजरेत असते. गिऱ्हाईक नुसती झिलई मागू लागले, तर ती यंत्र त्यांच्याहून स्वस्तात देते; घाट मागणारा असेल, तरच त्या हातांस काम आहे. म्हणून फुलदाणी घेणाऱ्यास आमची एवढीच विनंती, की ती प्रथम दिव्यापासून दूर, अंधुक उजेडात ठेवून पाहावी. तेथेही ती भरलेली वाटली, तर खुशाल घरी न्यावी.