माथा ते पायथा : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

पाणलोट विकासाच्या मराठी अहवालांत, पुस्तिकांत आणि यशोगाथांत ‘माथा ते पायथा’ हा शब्दप्रयोग मंत्रासारखा येतो. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच आहे. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावरची कामे. हा क्रम मोडला तर खालचा बांध गाळाने भरतो. मात्र हा शब्द पाण्याची वाट दाखवतो. त्या वाटेवरची माणसे दाखवत नाही.

माथ्यावर बहुधा गायरान किंवा वनजमीन असते. तिथे भूमिहीनांची शेरडे चरतात, बायका सरपण वेचतात. पायथ्याशी विहिरी असतात आणि विहीर ज्याचा सातबारा त्याची. चर खणले की पाठोपाठ चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी येते. पुढे गवत वाढते, ते कापून नेता येते, हे खरे. पण तोवर शेळी उपाशी थांबत नाही, ती बाजारात जाते. म्हणजे बंदीची झळ माथ्याला आणि पाणी पायथ्याला. चर खणणारी, मोळीसाठी आता लांब जाणारी बाई अहवालात ‘लोकसहभाग’ या रकान्यात मावते.

धोरणकर्त्यांना हे दिसलेच नाही, असे नाही. केंद्राच्या 2008च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांनी पाणलोट समितीत निम्मे सदस्य बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि भूमिहीन यांचे असावेत, असे म्हटले. वाक्य उदार वाटते. पण उपभोक्ता गटात जमीनधारकही येतात. एकाच निम्म्यात सगळ्यांना बसवल्यावर भूमिहीन बाईच्या वाट्याला किती खुर्च्या उरतात, हे ते वाक्य सांगत नाही.

वेगळा विचार महाराष्ट्रात आधीच झाला होता. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न वाटता माणशी वाटले : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा मिळाला, उसाला मनाई झाली. पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून सोडवणे, हे या प्रयोगाचे मोठेपण. मर्यादाही तिथेच आहे. बाई माणशी मोजली गेली, पण वाटा कुटुंबाच्या नावे राहिला. आणि कुटुंब म्हणजे कोण, हे आपल्याकडे विचारावे लागत नाही.

म्हणून कोणताही पाणलोट अहवाल वाचताना किती घनमीटर पाणी अडले एवढ्यावर थांबू नये. गावात शेळ्या किती उरल्या, मोळीचे अंतर किती वाढले, पाणी चढले त्या विहिरी कोणाच्या, हे त्यात शोधावे. ते रकाने नसतील, तर अहवाल पायथ्याशी बसून लिहिला आहे, असे खुशाल समजावे.