दारोग्याने नोकरी का घेतली?

गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गाला आम्ही प्रेमचंदांची ‘नमक का दारोगा’ ही कथा वाचून दाखवली. आमची शाळा उर्दू माध्यमाची. गाव धनज, वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातली कितीतरी बाके रिकामी असतात. कथा संपली तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, इमानदार था ना वो? फिर उसीच के पास नौकरी कायको करा?” घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

कथा पुष्कळांना ठाऊक आहे. सरकार मिठाचे नवे खाते काढते. मिठाचा मुक्त व्यापार बंद होतो आणि चोरटा सुरू होतो. वंशीधर या खात्यात दारोगा होतो. नोकरी शोधायला निघताना अनुभवी बापाने त्याला पगारापेक्षा वरकमाईकडे लक्ष द्यायला सांगितलेले असते. एका रात्री यमुनेच्या पुलावर पंडित अलोपीदीन या बड्या जमीनदाराच्या मिठाच्या गाड्या तो अडवतो. लाचेचा आकडा चाळीस हजारांपर्यंत चढतो, तरी वंशीधर ढळत नाही. पुढे न्यायालय अलोपीदीनला सोडते आणि दारोग्याची नोकरी जाते. घरात बापही त्याच्यावर संतापतो. शेवटी अलोपीदीन स्वतः दारात येतो आणि आपल्या सगळ्या मिळकतीचा कायम व्यवस्थापक म्हणून त्याला नेमतो. पगार वर्षाला सहा हजार. शिवाय घोडा, बंगला आणि नोकरचाकर. वंशीधर डोळ्यांत पाणी आणून सही करतो.

आम्ही स्वतः शिकलो तेव्हा ‘सत्याचा विजय’ हेच या कथेचे तात्पर्य म्हणून सांगितले गेले. आम्हीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. पण त्या मुलाच्या प्रश्नानंतर कथा पुन्हा वाचली, तेव्हा हा विजय नेमका कोणाचा हे कळेनासे झाले. चाळीस हजारांना जी इमानदारी विकली गेली नाही, ती वर्षाला सहा हजारांत मिळाली. अलोपीदीन सुधारला असे कथेत कुठेही म्हटलेले नाही. त्याला आपल्या तिजोरीवर बसवायला न चोरणारा माणूस हवा होता आणि त्याची परीक्षा त्याने स्वतःच घेतलेली होती. म्हणजे इमानदारीला बाजारात भाव नाही असे नाही. भाव आहे, पण तो धन्याच्या घरात. सर्वांच्या मालकीच्या खात्यात तीच इमानदारी गुन्हा ठरते. कथेतले सर्वात कडू वास्तव हेच आहे आणि गोड शेवटाखाली ते झाकले जाते. प्रेमचंद स्वतः सरकारी शिक्षण खात्यात होते आणि १९२१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. खाते माणसाचे काय करते हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

आता मिठाच्या जागी कापूस ठेवून पाहू. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी संकलन केंद्रावर द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. मिठाचा कायदा तिजोरीसाठी होता. हा कायदा मात्र व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी होता. हेतू चांगलाच होता. आमचे अब्बा सांगतात, बंड्यांच्या रांगेत रात्री काढाव्या लागत. ग्रेडरने कापूस हातात घेऊन प्रत ठरवली की वर्षाची मेहनत ठरली. चांगला माल कवडीत जाऊ नये म्हणून काय करावे लागते, ते रांगेतल्या सर्वांना ठाऊक असे. त्यानंतर चुकाऱ्याची वाट पाहणे. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की कापूस चोरून सीमेपलीकडे जाई. पण कथेतल्या पुलावर धनवंताच्या गाड्या होत्या आणि इथे, ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला, तो शेतकरीच चोर ठरत होता. संस्था कोलमडते ती अशी. ज्याच्यासाठी ती उभारली त्यालाच तिच्यापासून पळावेसे वाटू लागते. मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ ही एक संपूर्ण सूरह आहे. ती व्यापाऱ्याला जितकी लागू आहे तितकीच सरकारी काट्यालाही.

२००२ च्या सुमारास हा एकाधिकार संपुष्टात आला आणि त्याच वर्षी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्याच २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला सरकारी रोख्यांचा घोटाळा उघडकीस आला. बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये त्यात बुडाले आणि खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. प्रेमचंदांचे न्यायालय निदान झटपट अन्याय करत होते.

‘बारोमास’मधला एकनाथ उच्चशिक्षित आहे. डोनेशनला पैसा नाही म्हणून नोकरी नाही, आणि शेती आतबट्ट्याची. धाकटा भाऊ मधू शेत विकून नोकरी विकत घ्यावी म्हणतो. शहरातून आलेली पत्नी अलका या संसारात रमत नाही. देशमुखांचे मोठेपण असे की त्यांनी एकनाथच्या दारात एकही अलोपीदीन आणून उभा केला नाही. वंशीधरचा निष्कलंकपणा हेरणारा ग्राहक तरी होता. एकनाथच्या शिक्षणाला, घामाला आणि भलेपणाला ग्राहकच नाही. या दोन कृतींच्या मधल्या काळात आपल्या व्यवस्थेने किंमत कशाला द्यायची हे नव्याने ठरवले आहे. पूर्वी माणसाचे इमान विकत घेतले जाई. आता माणसालाच इमान गहाण टाकून नोकरी विकत घ्यावी लागते.

हे लिहिताना आम्ही तटस्थ राहू शकत नाही. बी.एड. झाल्यावर एका संस्थेने आम्हालाही आकडा सांगितला होता. अब्बांनी दोन एकर विकायला काढले. इसार ठरला आणि ऐनवेळी घेणाऱ्याने माघार घेतली. नोकरी गेली आणि जमीन राहिली. पुढे दुसरीकडे उर्दूचा शिक्षक मिळत नव्हता म्हणून आम्हाला पैसे न देता जागा मिळाली. लोक आम्हाला स्वच्छ मास्तर म्हणतात. आम्ही स्वच्छ राहिलो ते सौदा फिसकटला म्हणून. वंशीधरइतकी परीक्षा आमची झालीच नाही.

म्हणूनच ‘बारोमास’बद्दल एक तक्रार आदराने नोंदवतो. त्या कादंबरीत व्यवस्था बाहेरून दिसते. तिच्या खुर्चीत बसलेल्याचे मन दिसत नाही. प्रत ठरवणारा ग्रेडर, चुकाऱ्याचा कागद अडवणारा बाबू, डोनेशनची रक्कम मोजणारा संस्थेचा सचिव हीसुद्धा कोणाची तरी मुले आहेत. त्यांनाही कोणत्या तरी बापाने वरकमाईचा उपदेश केलेला आहे. कापसाच्या मुलखातला दारोगा मराठीत आमच्या वाचनात अजून आलेला नाही. आणि तो लिहायला आपल्याइतके जवळ कोण आहे? पिंजारी, मन्सूरी, नद्दाफ घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला. जिनिंगमध्ये, हमालीत, अडत्याच्या दुकानात आपली माणसे आहेत. मुस्लिम मराठी साहित्यात दंगल आली, तलाक आला, मोहल्ला आला. ते यायलाच हवे होते. पण काटा, पावती आणि हुंडी क्वचितच आली. आपले जगणे तर त्यांच्याभोवतीच फिरते.

आता त्या मुलाचे उत्तर. बेटा, दारोग्याने नोकरी घेतली, कारण खात्याने त्याला काढले, न्यायालयाने त्यालाच दटावले, बापाने तोंड फिरवले. सगळी दारे बंद झाल्यावर जे एक उघडे राहिले ते अलोपीदीनचे होते. त्याने सही केली हे चुकले की नाही, हे तू मोठा झाल्यावर ठरव. पण बाकीची दारे कोणी बंद केली, हे आधी विचार. आणि पुढे एखाद्या दाराची किल्ली तुझ्या हातात आली, तर ही कथा विसरू नको.