अक्षरे तीच, शब्द वेगळे

मकर, कमर, रकम. अक्षरे तीच, जागा बदलल्या आणि शब्द तीन झाले. मकर संस्कृत, कमर फारसी, रकम अरबी. मराठीच्या उंबरठ्यावर तिघांची गाठ पडली, याहून त्यांचे नाते नाही. तरीही आपली शब्दचर्चा अक्षरे जुळली की सोयरीक ठरवून मोकळी होते, हा माझा आक्षेप आहे.

'बखर' घ्या. अरबी 'खबर' उलटून 'बखर' झाली, असे सांगतात. दुसरे मत फारसी 'बखैर', म्हणजे 'कुशल', या शब्दाकडे जाते. पहिले मत अशक्य नाही. पण अक्षरांच्या जुळणीने फार तर संशय येतो. जुन्या कागदांत शब्द कोणत्या रूपात, कोणत्या अर्थाने येतो हे पाहूनच निकाल द्यावा.

आपल्या जैनथचेच पाहा. नावात 'जैन' दिसते म्हणून लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचा संबंध जैन परंपरेशी लावतात. परमार जगद्देवाच्या काळचा इथला संस्कृत शिलालेख मात्र लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर बांधल्याचे सांगतो. गावाचे नाव कसे पडले ते यावरून कळत नाही. पण नुसत्या नावावरून इतिहास रचू नये, एवढे नक्की कळते.

दुसरी चूक याच्या उलट, आणि ती घरोघरी होते. मूल 'नुकसान'ला 'नुसकान' किंवा 'मतलब'ला 'मतबल' म्हणाले की आपण त्याला गावंढळ ठरवतो. वास्तविक अक्षरांची ही अदलाबदल, म्हणजे वर्णविपर्यय, भाषेची जुनी चाल आहे. वाराणसीचे बनारस असेच झाले. इंग्रजी 'बर्ड' पूर्वी 'ब्रिड' होता. शेजारच्या तेलुगू घरातला 'रोलु', म्हणजे उखळ, तमिळ 'उरल'शी ताडून पाहा; तिथेही स्वराने आणि 'र'ने जागा बदलल्या आहेत.

मग बनारसला मान आणि नुसकानला हसू का? हा न्याय व्याकरणाने दिलेला नाही, प्रतिष्ठेने दिला आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे दोन्हीकडे हसे झाले, तर ते एक भाषा हळूच सोडून देते. आणि बहुधा ती घरचीच असते.

वहीत 'नुकसान' लिहायला अवश्य शिकवावे. आजीच्या तोंडचा 'नुसकान' मात्र खोडू नये, टिपून ठेवावा. उद्याच्या अभ्यासकाला पुरावा तिथेच सापडणार आहे.