जीवा, जैब, साइन

त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्द मुळात संस्कृत, असे खानदेशात भास्कराचार्यांवरच्या व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. विधान खरे आहे. ते ज्या घाईने केले जाते, त्या घाईला माझा आक्षेप आहे.

मूळ शब्द ‘ज्या’ किंवा ‘जीवा’. दोहोंचा अर्थ धनुष्याची दोरी. ग्रीक टॉलेमी पूर्ण दोरी मोजत असे, इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने कोष्टक दिले ते अर्ध्या दोरीचे. ती ‘अर्धज्या’, पुढे ‘अर्ध’ गळाले. दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर म्हणजे शर, बाण. सारे धनुष्यच डोळ्यांपुढे उभे राहते.

अरबीत ‘व’चा ‘ब’ झाला. ‘जीबा’ला त्या भाषेत अर्थ नव्हता. स्वरचिन्हांविना लिहिलेला तो शब्द ‘जैब’ असा वाचला जाऊ लागला : कपड्याची घडी, अंगरख्याचा गळा. हिंदीतला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात स्पेनमधील लॅटिन भाषांतरकारांनी त्याला ‘सायनस’ हा प्रतिशब्द दिला : घडी, खळगा, आखात. आपल्या नाकातला सायनसही हाच!

इथे वक्ते भाषांतरकारावर हशा मिळवतात. तो अन्याय आहे. खुद्द अरब गणितीच ‘जैब’ लिहीत होते. भाषांतरकाराने समोरचा शब्द इमानाने उतरवला. धनुष्य हरवले ते त्याआधीच.

त्याच शतकात, ११५० मध्ये, भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा झाला. त्यात ज्या कशा काढाव्यात याचे ‘ज्योत्पत्ति’ हे प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, हे १२०७ च्या शिलालेखात कोरले आहे. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. मठाच्या उत्पन्नाचा, म्हणजे व्यवहाराचा, भाग तिथे मराठीत आहे, हे मला फार बोलके वाटते.

धुळ्यात राजवाड्यांनी धातू आणि व्युत्पत्ती यांचा डोंगर उपसला. शब्द संस्कृतापाशी पोचला की शोध संपला, ही सवय आपल्याला त्यांच्याकडूनच लागली असावी. ‘साइन’च्या बाबतीत तिथे फक्त सुरुवात होते.

मराठी माध्यमाची मुले आजही वर्तुळात ‘जीवा’ काढतात आणि त्रिकोणमितीत ‘साइन’ लिहितात. एकाच दोरीची ही दोन नावे. एक घरीच राहिले, दुसरे अरबी-लॅटिन मुलूख फिरून इंग्रजीच्या बोटाला धरून परतले.