आप्त कोण? विकिपीडियावरील वाद, चर्चापान आणि बहुभाषिकता

मराठी कोशवाङ्मयाचा विचार करू लागले की प्रथम संपादकाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा असला तरी त्यावर एका माणसाच्या आग्रहांची, त्याच्या तऱ्हेवाईकपणासकट, स्पष्ट मुद्रा आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशात ही व्यक्तिमुद्रा पुसट होते. परंतु तेथेही नोंदीखाली लेखकाचे नाव असते. लेखक आणि संपादक यांच्यात मतभेद झाला असेल तर तो संपादकीय विभागात मिटतो आणि त्याची खूण छापील पानावर उरत नाही. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या आणि १ मे २००३ पासून मराठीत अवतरलेल्या विकिपीडियाने ही व्यवस्था उलटी केली. येथे मतभेदाचे सारे टिपण कोणत्याही वाचकाला उघडून पाहता येते. ज्याने लेखन केले तो मनुष्य कोण, हे मात्र बहुधा कळत नाही.

विकिपीडियातील माहिती कितपत विश्वसनीय, हा प्रश्न आजवर पुष्कळ चघळला गेला आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून मूलभूत प्रश्न वेगळा आहे. वेतन न घेता, परस्परांना न ओळखता काम करणारे संपादक आपला वाद कोणत्या प्रमाणांच्या आधारे मिटवतात, आणि त्या प्रमाणांमुळे कोणत्या भाषा व कोणते ज्ञान दाराबाहेर राहते, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते आणि एक 'इतिहास' असतो. इतिहासात प्रत्येक बदलाची प्रत तारीखवेळेसह जपलेली असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी (१९१९-१९६६) याची तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. वि. स. सुकथनकरांनी वर सिद्ध पाठ आणि खाली पाठभेद अशी मांडणी केली. विकिपीडियावरही दिसणारा लेख हा तात्पुरता सिद्ध पाठ आणि इतिहास हे त्याचे पाठभेदांचे भांडार असे म्हणता येईल. साम्य मात्र येथेच संपते. सुकथनकरांपुढील पाठभेद शतकानुशतके, परस्परांपासून दूर, निरनिराळ्या लिप्यांच्या हस्तलिखितांत रुजले होते आणि त्यांचे लेखनिक एकमेकांशी भांडत नव्हते. येथे दोन लेखनिक एकाच पानावर, काही मिनिटांच्या अंतराने, एकमेकांचा पाठ पुसतात. याला आवर घालण्यासाठी इंग्रजी विकिपीडियाने एका लेखात २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवू नये, असा नियम केला. नियम मोडणाऱ्यावर बंदी येते. त्याचे म्हणणे खरे होते की खोटे, हे तेव्हा पाहिले जात नाही.

या व्यवस्थेचे मर्म पुष्कळदा दुर्लक्षित राहते. प्रचालकाला पान कुलूपबंद करता येते, सदस्याला रोखता येते. परंतु आशयाच्या वादात कोणाचे बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून काम करणारी लवाद समितीदेखील वर्तनाचा निवाडा करते, आशयाचा करीत नाही. म्हणजे सत्याचा निर्णय देणारे न्यायपीठ येथे मुळातच नाही. तिऱ्हाइताचे मत मागवावे, सर्वांची मते मागवावीत, सहमती होईपर्यंत बोलत राहावे, एवढेच मार्ग उरतात. जो थकत नाही तो पुष्कळदा जिंकतो, हे या पद्धतीचे उघड वैगुण्य होय.

वाद जेथे चालतो त्या जागेला प्रत्येक भाषेने दिलेले नाव हा तौलनिक अभ्यासाचा एक सुरेख विषय आहे. इंग्रजीत ती गावच्या पाण्याच्या पंपाची जागा आहे, फ्रेंचांनी तिला बिस्त्रो म्हटले, डचांनी गुत्ता केला, आणि नॉर्वेजियनांनी मात्र आपल्या प्राचीन लोकसभेचे 'टिंग' हे नाव काढले. भारतीय भाषांनी बहुतेक झाडाखालची जागा पसंत केली. तमिळात 'आलमरत्तडि' म्हणजे वडाखाली, कन्नडात 'अरळि कट्टे' म्हणजे पिंपळाचा पार, तेलुगूत 'रच्चबंड', गुजरातीत 'चोतरो', हिंदीत 'चौपाल'. मल्याळमने सरळ 'पंचायत्त' म्हटले. मराठीला 'पार' हा शब्द हाताशी असताना तिने 'चावडी' निवडली. पारावर गप्पा होतात. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत, दप्तर उघडे असे, सारा भरला जाई आणि तंट्याचा निवाडा होई. कागदावर नोंद हा चावडीचा प्राण. जेथे प्रत्येक शब्दाची नोंद राहते अशा जागेला हे नाव अधिक चपखल बसते, असे माझे मत आहे. परंतु त्या नावामागे सावलीही येते. गावच्या चावडीवर कोणी बसावे आणि कोणी खाली उभे राहून बोलावे हे जातीने ठरविलेले होते, आणि महारवाड्यात बसण्या-उठण्याला स्वतंत्र 'तक्क्या' असे. नव्या चावडीवर कोणाची जात विचारली जात नाही हे खरेच. पण संगणक, फावला वेळ आणि प्रमाण लेखी मराठी ही तिची अलिखित प्रवेशपत्रे आहेत. मतदानाच्या पानाला मराठीत 'कौल' म्हणतात आणि सरावाच्या पानाला 'धूळपाटी'. पहिल्या शब्दात देवाला लावलेला कौल आहे तसाच राज्यकर्त्याने रयतेला दिलेला कौलही आहे. इंग्रजीच्या नियमांचा अनुवाद करताना मराठी सदस्यांनी परिभाषा केवळ पर्यायी शब्दांनी भरून काढली नाही, हे यावरून ध्यानात येते.

आता प्रमाणांकडे वळू. न्यायदर्शनाने कथेचे म्हणजे चर्चेचे तीन प्रकार सांगितले: तत्त्वनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता परपक्षाचे केवळ खंडन करणारी वितंडा. विकिपीडियाचे 'सद्भाव गृहीत धरा' हे धोरण चर्चेला पहिल्या प्रकारात ठेवू पाहते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांचे विपुल नमुने कोणत्याही वादग्रस्त चर्चापानावर सापडतात. परंतु नैयायिकांशी खरा फरक प्रमाणांत आहे. न्यायाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. विकिपीडियाचे 'मूळ संशोधन नको' हे धोरण पहिल्या तिहींना दाराबाहेर ठेवते. मी स्वतः पाहिले, हे चालत नाही; मी तर्काने काढले, हेही चालत नाही. उरतो तो शब्द, म्हणजे आप्तवचन. तेही छापील अथवा तत्सम प्रकाशित. म्हणून चर्चापानावरचा जवळजवळ प्रत्येक वाद अखेरीस एकाच प्रश्नाशी येऊन ठेपतो: आप्त कोण?

ज्या भाषेत विद्यापीठीय ग्रंथ, संदर्भग्रंथ आणि दैनिके यांचा साठा मोठा आहे तेथे हा प्रश्न सुसह्य असतो. मराठीत परिस्थिती संमिश्र आहे, आणि लोककला, ग्रामदैवते, कारागिरी यांच्या बाबतीत बिकट. जाणत्या माणसाच्या मुखी असलेले ज्ञान छापले जाईपर्यंत विकिपीडियाच्या लेखी अस्तित्वात नसते. २०११ मध्ये अचल प्रभला यांच्या पुढाकाराने मौखिक अवतरणांचा एक प्रयोग झाला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील उत्तर सोथो या भाषांच्या क्षेत्रात माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून वापरता येतील का, हे त्यातून पाहिले गेले. त्यावर झालेले आक्षेप पूर्णतः निराधार नव्हते: मुद्रित आवाजाची पडताळणी दुसऱ्याने कशी करावी, हा प्रश्न खराच आहे. तथापि मौखिक साहित्याच्या अभ्यासकांनी हीच अडचण आपल्या क्षेत्रात फार पूर्वी ओळखली आणि संकलनाच्या, पाठांतरे नोंदविण्याच्या रीती तयार केल्या. त्यांचे ते अनुभवभांडार चर्चापानांपर्यंत पोचले नाही, याचा दोष मी विकिपीडियाकरांइतकाच विद्यापीठांना देईन.

निःपक्ष दृष्टिकोनाचे तत्त्व भारतीय बहुभाषिकतेला भिडते तेव्हा काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण लिपीच्या वादाचे आहे. इंग्रजी विकिपीडियावरील भारतविषयक लेखांच्या आरंभी शीर्षकाचे मूळ लिपीतील रूप देण्याची प्रथा होती. पण कोणत्या लिपीतील? सीमेवरच्या गावाचे नाव मराठीत लिहावे की कन्नडात, नटाचे त्याच्या जन्मभाषेत की चित्रपटाच्या भाषेत, आणि हिंदी प्रत्येक ठिकाणी असावी की नसावी? कोणी एक लिपी घाली, दुसरा दोन वाढवी, तिसरा सर्व काढून टाकी. अखेर जानेवारी २०१२ मध्ये सदस्यांची मते मागवून असे ठरले की लेखाच्या प्रास्ताविकात भारतीय लिप्या देऊच नयेत. भाषा, लिप्या, विशिष्ट लिपीतील मूळ ग्रंथ अशा काही विषयांना अपवाद ठेवला गेला आणि उच्चारासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पर्याय सुचविला गेला.

हा निर्णय घेणारे दुष्ट नव्हते. ते दमले होते. रोजच्या रोज तेच युद्ध निस्तरणाऱ्या स्वयंसेवकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहिले तर निर्णयाची अपरिहार्यता पटते. तरीही त्याचा अर्थ काय होतो हे पाहिले पाहिजे. अनेक भाषांनी एका नावावर हक्क सांगितला, म्हणून सर्वांचा हक्क गेला आणि निःपक्ष लिपी म्हणून रोमन तेवढी उरली. भारतीय साहित्याची संकल्पना मांडताना आपणही परिषदांत हेच करीत आलो आहोत. कोणत्या भाषेतून बोलावे यावर एकमत होत नाही, तेव्हा इंग्रजीतून बोलतो.

याच्या शेजारी डान्सिग आणि ग्दान्स्क यांचा वाद ठेवून पाहावा. एकच शहर, जर्मन नाव एक आणि पोलिश नाव दुसरे. २००५ मध्ये मतदान होऊन कालखंडांची वाटणी झाली: १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्सिग, त्याआधी आणि नंतर ग्दान्स्क. तेथे दोनच दावेदार होते आणि इतिहासाची रेघ ओढता येत होती, म्हणून दोन्ही नावे जगली. आपल्याकडे दावेदार दोनाहून अधिक आणि ते एकाच वेळी एकाच गावात राहणारे, त्यामुळे कालखंडांची कात्री चालत नाही.

वादातून सुटण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वेगळी चूल. पंजाबीचे गुरुमुखी आणि शाहमुखी असे दोन स्वतंत्र विकिपीडिया आहेत. सर्बो-क्रोएशियन, सर्बियन, क्रोएशियन आणि बोस्नियन या परस्परांना समजणाऱ्या भाषारूपांचे चार आहेत. वेगळ्या घरात भांडण होत नाही. पण भांडण नसले की दुसरी बाजू मांडणाराही नसतो. क्रोएशियन विकिपीडियाची जी चौकशी विकिमीडिया फाउंडेशनने करविली, तिचा २०२१ मधील अहवाल या बाबतीत उद्बोधक आहे. सुमारे दशकभर प्रचालकांच्या एका गटाने तो प्रकल्प ताब्यात ठेवून दुसऱ्या महायुद्धकालीन इतिहासाची विकृत मांडणी चालू दिली, असा त्याचा निष्कर्ष होता. नियम तेच होते; ते वापरून विरोध करणारे पुरेसे उरले नव्हते. मराठीसह सर्वच भारतीय भाषांतील विकिपीडियांत सक्रिय संपादकांची संख्या तोकडी आहे, तेव्हा हे उदाहरण दूरचे मानण्याचे कारण नाही. आमच्या चावडीवर वाद फार होतात ही तक्रार वारंवार ऐकू येते. मला वाद कमी होतात ही चिंता अधिक वाटते.

वाचकाच्या प्रतिसादाविषयी थोडक्यात. २०१० पासून इंग्रजी विकिपीडियावर लेखाखाली वाचकांनी गुण द्यावेत, पुढे अभिप्राय लिहावेत, अशी सोय करून पाहण्यात आली. उपयुक्त अभिप्राय थोडे आणि ते निवडण्याचे कष्ट फार, अशा अनुभवानंतर २०१४ पर्यंत ती काढून टाकली गेली. ज्याला आक्षेप आहे त्याने स्वतःच संपादक व्हावे, अशी या प्रकल्पाची धारणा आहे, आणि नुसत्या वाचकाला तीत जागा नाही. लेखाचा विषय असलेल्या व्यक्तींच्या तक्रारी ईपत्राने येतात. त्यांना उत्तरे देणारे स्वयंसेवकांचे निराळे पथक आहे आणि तो पत्रव्यवहार गोपनीय असतो. सगळ्या उघड्या दप्तरातील हा एकच बंद कप्पा, आणि तो बंद असणे रास्तच आहे.

अलीकडे आक्षेपकांनी चर्चापान सोडून न्यायालयाची आणि पोलिसांची वाट धरली आहे. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरील लेखाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा केला आणि तो मजकूर लिहिणाऱ्यांची ओळख मागितली. त्या खटल्यावर लिहिलेला स्वतंत्र लेख ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने हटवावा लागला. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुराविषयी महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदविला. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपल्या वर्गांत बार्थच्या निबंधापासून चालत आली आहे. येथे मात्र अनेकांच्या हातांनी घडलेल्या संहितेतून एक लेखक शोधून त्याच्या नावाने समन्स काढण्याचा हा प्रयत्न आहे, आणि ज्याच्या हाती समन्स पडेल तो कदाचित संदर्भाचा एक दुवा जोडणारा किंवा दुसऱ्याचे वाक्य पूर्ववत करणारा स्वयंसेवक असेल. आप्त कोण हे आजवर चर्चापानावर ठरत होते. ते फिर्यादीच्या भीतीने ठरू लागले तर इतिहासाच्या पानांवर पाठभेद पडणेच थांबेल, आणि अभ्यासकाच्या हाती एकच स्वच्छ, निर्विवाद पाठ येईल.