वऱ्हाडातला अर्धा 'र'

राजापेठेतल्या ज्या छापखान्यात मी खिळे जुळवायला शिकलो, तिथे 'वऱ्हाड'मधल्या अर्ध्या 'र'ला केसमध्ये स्वतःचे घर होते. शब्द शंभरदा जुळवा, खिळा तोच. पुढे माझी टिपणे संगणकावर आली आणि याच शब्दाने मला गंडवले. 'वऱ्हाड' शोधला की काही टिपणे सापडत, काही सापडत नसत. पडद्यावर दोन्हींकडे शब्द हुबेहूब सारखा. आत मात्र एकीकडे नुक्तेवाला 'ऱ' आणि हलन्त, तर दुसरीकडे साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. युनिकोडने दोन्ही रीती चालू ठेवल्या आहेत, दुसरी जुन्या मजकुराच्या सोयीसाठी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' कुठे आहे हे ठाऊक नसलेला टंकलेखक तर सरळ 'वर्हाड' लिहून मोकळा होतो. आमच्या मुलखाचे नावच असे तीन तऱ्हांनी नांदते आहे.

अक्षराचे दिसणे आणि अक्षराचे वागणे यांतली ही फट समजून घेताना मी र. कृ. जोशींकडे वळलो. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा सुलेखन आणि दृश्यकविता यांपाशी थांबतो. 'मंगल' या त्यांच्या फॉन्टचा उल्लेख आला तर शेवटी, आणि तोही काहीसा ओशाळून. माझे मत उलट आहे. छापील अक्षराकडून पडद्यावरच्या अक्षराकडे जाताना रेखनकाराचे काम कसे बदलते, हे मराठीत जाणून घ्यायचे असेल तर 'मंगल'च पाहावा लागतो, त्याच्या दोषासकट.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६चा. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकून ते जाहिरातीच्या व्यवसायात आले. आधी डी. जे. कीमर, मग १९६१ ते १९८३ 'उल्का'. त्यानंतर पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन आणि पुढे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत भारतीय लिप्यांचे संगणकीय काम. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. वैदिक संस्कृतची स्वरचिन्हे युनिकोडमध्ये यावीत म्हणूनही ते खपले होते. तो संच २००९च्या आवृत्तीत आला, तेव्हा ते नव्हते.

'उल्का'तली वीस-बावीस वर्षे म्हणजे शेवटचा शब्द स्वतःकडे असण्याची वर्षे. जाहिरातीचा मथळा हाताने रेखायचा, दोन अक्षरांतली जागा नजरेने जुळवायची, त्याचा ब्लॉक झाला की लाखो प्रतींत तेच अक्षर. वाचकाने काय करायचे? पाहायचे. फॉन्टमध्ये हे उलटते. मजकूर अजून लिहिलाच गेलेला नसतो आणि लिहिणारा कोण असेल तेही माहीत नसते. तहसीलचा कारकून असेल, नाहीतर परदेशातल्या नातवाला पत्र धाडणारी आजी. अशा वेळी आकार काढून भागत नाही. 'द' आणि 'ध' शेजारी आले तर काय व्हावे, रफार कोणत्या अक्षराच्या डोक्यावर बसावा, पहिली वेलांटी उच्चारात नंतर असूनही आधी कशी दिसावी, याचे नियम आकारांबरोबर बांधून द्यावे लागतात. आज ज्याला यूएक्स म्हणतात, वापरणाऱ्याचा अनुभव आधी कल्पून वस्तू घडवणे, ते हेच. जोशींना त्यासाठी वेगळे बिरूद लावावे लागले नाही.

'मंगल' विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. त्या काळच्या पडद्यावर इंचाला साधारण ९६ ठिपके धरत. म्हणजे बारा पॉइंटाच्या अक्षराला उभे सोळा ठिपके. रोमनला ते पुरतात. मॅथ्यू कार्टर हे खिळ्यांचे पंच कोरायला शिकलेले रेखनकार. १९९६ साली मायक्रोसॉफ्टसाठी 'व्हर्डाना' करताना त्यांनी आधी ठिपक्यांतले अक्षर ठरवले, बाह्यरेषा नंतर. पण देवनागरीला त्या सोळा ठिपक्यांत शिरोरेघ हवी, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधे 'ष्ट्र'सारखे जोडाक्षर. 'मंगल'ने ओळीची उंचीच वाढवून घेतली. त्यात ओळी फार लांब पडतात, इंग्रजीशेजारी अक्षर बारके दिसते, ही डीटीपीवाल्यांची तक्रार मीही केली आहे. आता वाटते, ती तक्रार इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या चौकटीविषयी असायला हवी होती. दिसण्यातला डौल कमी झाला तरी चालेल, मात्रा तुटता कामा नये, हा सौदा मला रास्त वाटतो.

दुसरा सौदा मात्र मला पचत नाही. 'मंगल'मधला 'ल' दंडयुक्त आहे आणि 'श'ही हिंदीच्या वळणाचा. मुंबईच्या खिळ्यांवर वाढलेल्या मराठी डोळ्यांना पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ओळखीचा. गंमत अशी, की 'अ', 'झ', 'ण' यांच्या बाबतीत हिंदीनेच मुंबईची वळणे पत्करली होती. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत या साऱ्यांसाठी एकच फॉन्ट द्यायचा तर कोणाचे तरी वळण मागे पडणार, हे खरे. भाषेनुसार रूप बदलण्याची सोय ओपनटाइपच्या आराखड्यात होती, पण तेव्हाची बहुतेक सॉफ्टवेअरे ती वापरत नसत, हेही खरे. तरीही ज्याच्या बोरूतून पाकळीचा 'ल' सहज उतरत असणार, त्याच्याच फॉन्टने मराठी कचेऱ्यांत दंडाचा 'ल' रुळवला. कागदावर असा तिढा आला असता तर त्यांनी दोन अक्षरे रेखली असती. पडद्यावर एका सांकेतिक क्रमांकाला एक रूप द्यायचे होते आणि पारडे मोठ्या वापराकडे झुकले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठी वळणे प्रमाण ठरवली, तोवर शाळकरी पोरांच्या वह्यांतसुद्धा दंडाचा 'ल' शिरला होता.

विंडोज ८ पासून 'मंगल'ची जागा 'निर्मला'ने घेतली. पवईच्या त्याच केंद्रातून २०१३ साली 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती स्वरचिन्हांचे वर्तुळ उमटते. बाराखडी पाठ असलेल्याला आणखी काही शिकावे लागत नाही. नव्या चांगल्या फॉन्टांत मराठीचा 'ल' आणि 'श' आतच असतो, मजकुराची भाषा मराठी आहे एवढे यंत्राला सांगितले की बाहेर येतो. ते सांगायचे असते, हे आमच्याकडच्या कित्येक छापखान्यांना अजून माहीत नाही. मलाही तीन वर्षांपूर्वी कळले.

'ऱ्हा'चा घोळ फॉन्टने सुटणारा नाही. 'मंगल' दोन्ही रीतींना एकच सुबक रूप देतो, म्हणून तर चूक दिसत नाही. सध्या मी टिपणांत 'वऱ्हाड' तीनदा शोधतो, तिन्ही तऱ्हांनी, आणि सापडेल तिथे नुक्तेवाला 'ऱ' घालत जातो. साडेचारशे टिपणे झाली आहेत, बरीच बाकी आहेत.