रानट्यांना मिळालेली भाषा

आज ज्या कृतीची समीक्षा करायची आहे ती ग्रंथ नाही, संगणकावरचा खेळ आहे. ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ २००४ साली आला. इसवी सनपूर्व २७० पासून राज्य चालवायचं, लढाया करायच्या. आकर्षक, पण इतिहासाच्या बाबतीत बेफिकीर. टॉलेमींच्या ग्रीक इजिप्तला त्यांनी हजार वर्षांपूर्वीच्या फॅरोंचा पोशाख चढवला. आणि ‘रानटी’? गॉल हे एकच सरसकट राष्ट्र, त्यांची शहरं एका मर्यादेपुढे वाढतच नाहीत, आणि ब्रिटनचे योद्धे शत्रूवर कापलेली मुंडकी फेकतात!

हे काही हौशी लोकांना सहन झालं नाही. त्यांनी खेळात फेरबदल केले, ज्याला मॉड म्हणतात. नाव ‘युरोपा बार्बारोरम’, म्हणजे रानट्यांचा युरोप. विनामोबदला केलेलं काम, बरं का. इथे गॉलमध्ये एदुई आणि आर्व्हर्नी हे दोन प्रतिस्पर्धी दिसतात. सैनिक इंग्रजीत ओरडत नाहीत, अभ्यासानं पुन्हा रचलेल्या केल्टिक भाषेत बोलतात. वर्षाला दोनऐवजी चार खेळी, त्यामुळे हिवाळा सोसावा लागतो. जिंकलेल्या प्रांतावर थेट राज्य करायचं की स्थानिक राजा ठेवायचा, हे ठरवावं लागतं, आणि त्यावर तिथे कोणतं सैन्य उभं राहील ते अवलंबून असतं. खेळ संथ होतो. मला तो संथपणाच आवडतो.

‘बार्बारोस’ म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला बडबड वाटतं तो. आपल्याकडेही पतंजली अपशब्दाला म्लेच्छ म्हणतो. दोन्हीकडे माणूस परका ठरतो तो जिभेवरून. म्हणून सैनिकाला त्याची भाषा परत देणं ही मला नुसती सजावट वाटत नाही. आजवर हे गॉल आपल्याला मुख्यतः सीझरच्या लेखणीतून भेटत आले.

पण इथेच माझा आक्षेप आहे. ही भाषा मिळाली कुणाला? योद्ध्याला. शेतकरी आकडाच राहिला. तुकडी उभी केली की शहराच्या लोकसंख्येतून तेवढी माणसं वजा होतात, बस्स. शहर पडलं की मूळ खेळातलेच तीन पर्याय समोर येतात : ताबा घ्या, गुलाम करा, कत्तल करा. ही चौकट खेळाच्या यंत्रणेतच कोरलेली, मॉडवाल्यांचा हात तिथे पोचत नाही. इसवी सनपूर्व ५२ मध्ये अव्हारिकम पडलं, तेव्हा सुमारे चाळीस हजारांपैकी जेमतेम आठशे वाचले असं सीझर स्वतः लिहितो. खेळात त्याला एक कळ दाबावी लागते, वर लूट मिळते आणि शहर शांत होतं. म्हणजे काय, तर हिशेबाच्या वहीत कत्तल नफ्यात दिसते! एदुईंचं नाव अचूक लिहिणाऱ्या खेळातही.

मी एदुईंकडूनच खेळतो आणि दर वेळी ताबा घेतो. तिजोरी रिकामी राहते, शहर धुमसत राहतं. कधी बंड होतं, आणि तेच शहर पुन्हा वेढावं लागतं.